मिल्काताई आणि परत आलेली पोर

मिल्काताईंना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या पत्र्याच्या शेडच्या दारात उकिडव्या बसून एका म्हातारीच्या पायाची जखम धूत होत्या. डोक्याला पांढरा रुमाल, पदर कमरेला खोचलेला. मी नुकतीच नर्सिंग संपवून उदगीरहून पेटी घेऊन आले होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, चुलीवर पाणी तापवता येतं का. मी हो म्हटलं. मग पेटी ठेव आणि तापव, म्हणाल्या. आमची ओळख झाली ती एवढीच.

किल्लारीच्या भूकंपानंतरचा तो हिवाळा. दगडमातीची गावंच्या गावं बसली होती आणि वाचलेली माणसं शेतात उभ्या केलेल्या शेडांमधून राहत होती. ठाण्याच्या एका दवाखान्यातून मदतीला जे पथक आलं, त्यात मिल्काताई होत्या. पथक काही दिवसांनी परत गेलं. ताई राहिल्या. पुढं आरोग्य खात्यात जागा निघाल्या तेव्हा त्यांनी रीतसर अर्ज केला आणि आमच्या आरोग्य केंद्रात कायमच्या रुजू झाल्या.

त्यांचं पूर्ण नाव मिल्का एलोजी पेझारकर. बोलणं ठाण्याचं, शुद्ध, मधूनच अलिबागकडचा हेल. आडनाव मराठी, नाव कुठलं ते कुणाला कळेना. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत त्या तेलाचा दिवा लावायच्या, तेव्हा बायकांना वाटलं, ह्यांच्यात शुक्रवारची लक्ष्मी करत असतील. डुकराचं नाव काढलं की नाक मुरडायच्या आणि बोलता बोलता "आमच्या मशिदीत" म्हणायच्या, म्हणून पुरुषांनी ठरवलं की मुसलमान असणार. शेवटी गावातल्या रामलिंगदादांनी सरळ विचारलं. ताई हसून म्हणाल्या, "आम्ही बेने इस्रायली. यहुदी. आमच्या प्रार्थनाघराला कोकणात मशीदच म्हणायचे. पूर्वी आमचे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून आम्हाला शनवार तेली म्हणत." दादांनी ते ऐकून घेतलं आणि गावात सांगितलं की सिस्टरबाई तेल्याच्या हायत. तेव्हापासून तो प्रश्न मिटला.

भूकंप झाला तो दिवस त्यांच्या मांडवाच्या सणाचा पहिला दिवस होता, हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं. त्या सणात आठवडाभर पक्कं घर सोडून पालापाचोळ्याच्या मांडवात जेवायचं, राहायचं. माणसाचं घर किती तकलादू असतं ते ध्यानात राहावं म्हणून. ठाण्याच्या चाळीच्या अंगणात मांडव तसाच सोडून त्या निघाल्या होत्या. आणि इथं येऊन बघतात तर अख्खा तालुका मांडवात.

त्यांची आई आणि भाऊ तेव्हा इस्रायलला कायमचे जायला निघाले होते. ताईंचेही कागद तयार होते. आईची पत्रं यायची, पुढं फोन यायचे, कधी येतेस म्हणून. ताई म्हणायच्या, तुम्ही व्हा पुढं. मी एकदा विचारलं की इथं का थांबलात, तुमचं इथं कोण आहे. रुमाल पिळत त्या म्हणाल्या, "माझं काम इथं आहे असं मला कुणी सांगितलं नाही, प्रियदर्शनी. पण तिथं आहे असंही कुणी सांगितलं नव्हतं."

'काम' ह्या शब्दाला त्यांच्याकडं वेगळं वजन होतं. त्यांचे वडील गिरणीत होते आणि सणावाराला मराठीतून यहुदी पुराणातली कीर्तनं करायचे. त्यांनी लहानग्या मिल्काला सांगितलं होतं की प्रत्येक आत्मा काहीतरी नेमून दिलेलं काम घेऊन येतो. जगात जे मोडलंय, फाटलंय, त्यातला एक टाका ज्याचा त्यानं घालायचा. तो राहून गेला तर आत्मा पुन्हा येतो, दुसऱ्या शरीरात, राहिलेलं पुरं करायला. ह्या फिरण्याला ते गिलगुल म्हणत. आमच्यातही सगळे हे मानत नाहीत, मोठमोठे पंडित नाही म्हणून गेलेत, असंही ताई प्रामाणिकपणे सांगायच्या. मी बौद्ध घरातली. आत्मा, मागचा जन्म, ह्या गोष्टी आमच्याकडं कुणी बोलत नसे. मी ऐकून घ्यायची आणि सुया उकळत ठेवायची.

आता केवळाबाईंचं सांगते. ह्या रामलिंगदादांच्या बायको. नदीकाठच्या काळ्या जमिनीतलं बरं चाललेलं घर. त्यांना एक मुलगी होती शोभा, आणि तिच्या पाठीवरचा एक मुलगा. दोन लेकरांवर त्यांनी ऑपरेशन करून घेतलं होतं. भूकंपात दोन्ही लेकरं गेली. केवळाबाईंना ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. दादा शेतात झोपायला गेले होते म्हणून वाचले.

अशा बायका त्या भागात किती तरी होत्या. मग डॉक्टरांनी बांधलेली नळी पुन्हा जोडायची शस्त्रक्रिया सुरू केली. बायका बैलगाडीतून, ट्रॅक्टरमधून, जमेल तशा यायच्या. कुणाला यश यायचं, कुणाला नाही. ताई प्रत्येकीच्या उशाशी बसायच्या. कुणाला खोटी आशा लावली नाही, की कुणाला घरी जा म्हटलं नाही.

केवळाबाईंना दिवस राहिले. आमच्याच केंद्रात मुलगी झाली. ताईंनी तिला पुसून आईच्या कुशीत दिलं, तर केवळाबाईंनी सगळ्यात आधी तिचं डावं कोपर उलटून बघितलं. तिथं मसुराएवढा काळसर डाग होता. शोभाला त्याच जागी चुलीचं लाकूड लागून भाजल्याचा डाग होता म्हणे. केवळाबाई रडल्या नाहीत. अगदी शांतपणे म्हणाल्या, "आली माघारी."

ताईंनी तो डाग बघितला. पोरीचा हात पुन्हा दुपट्यात गुंडाळला.

बारसं झालंच नाही. ज्या पोरीला नाव आहे तिचं बारसं कशाला, असं केवळाबाईंचं म्हणणं. मुलगी शोभाच राहिली. शोभाला दूध-भाकरी आवडायची म्हणून हिला दूध-भाकरी. शोभा डाव्या कुशीवर झोपायची म्हणून हिला डाव्या कुशीवर वळवायचं. दरम्यान सरकारनं नवीन गाव बांधलं, रस्ते सरळ आणि घरं सगळी एकसारखी. पोरगी जरा बोलू लागल्यावर केवळाबाई तिला ओसरीवर बसवून विचारायच्या, "जुन्या घरात रांजण कुठं होता, सांग बरं?" ती भांबावून बघायची. मग आईच सांगायची, दाराच्या उजवीकडं. पुढच्या खेपेला पोरगी म्हणायची, दाराच्या उजवीकडं. केवळाबाईंच्या तोंडावर जे सुख उजळायचं, ते बघून कोणतंही लेकरू हेच करेल.

गोष्ट गावात पसरली. आणि मग ज्यांची लेकरं परत आली नव्हती, त्या बायका यायला लागल्या. कुणी केळी आणायच्या, कुणी रेवड्या. पोरीच्या पुढ्यात बसायच्या आणि विचारायच्या, आमचा बाळू तिथं भेटला का गं? त्याला भूक लागली का? तो कधी येणार हाय? सहा वर्षांची पोर. तिला काय माहीत. पण बाया इतक्या आसेनं बघायच्या की ती म्हणायची, हाव, भेटला. खेळायलाय.

एक दिवस केवळाबाई तिला घेऊन आमच्याकडं आल्या. पोर जेवत नव्हती, ताप उतरत नव्हता, कुणी दारात आलं की कपाटामागं जाऊन बसायची. डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासायला दिलं. त्यात काही निघालं नाही. ताईंनी मला केवळाबाईंना चहा द्यायला पाठवलं आणि पोरीला टेबलावर बसवून तिच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधत बसल्या. मी परत आले तेव्हा पोर त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होती, "मला काहीच आठवत न्हाई. आईला नका सांगू."

ताईंनी रिबिनीचं फूल नीट केलं. मग बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर केवळाबाईंच्या शेजारी बसल्या. दुपारची वेळ, समोर कडुनिंबाखाली दोन शेळ्या. मी दारातच थांबले.

केवळाबाईंनीच विचारलं, "सिस्टरबाई, तुमच्यात मानत्यात का, माणूस माघारी येतंय म्हणून?"

"मानतात. माझे वडील मानायचे."

"मग तुम्हाला पटतंय की. माझी शोभा आलीय."

"आली असेल. मी नाही म्हणत नाही," ताई म्हणाल्या. "पण आमच्यात अजून एक सांगतात, ते ऐका. लेकरू पोटात असताना एक देवदूत त्याच्या उशाशी दिवा धरून बसतो. त्याला सगळं शिकवतो, सगळं दाखवतो. आणि जन्माला यायच्या वेळी त्याच्या वरच्या ओठावर बोट टेकवतो. ही बघा, नाकाखाली ही जी खळी आहे, ती त्या बोटाची. बोट टेकलं की लेकरू सगळं विसरतं."

केवळाबाईंनी नकळत स्वतःच्या ओठावर हात नेला. "एवढं शिकवून विसरायला का लावायचं?"

"मीही वडिलांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, मागचं ओझं डोक्यावर असेल तर पुढचं काम हाताला कसं लागणार? शोभा परत आली असेल, तर देवानं तिला विसरायला लावून पाठवलीय, केवळाबाई. आणि तुम्ही तिला आठवायला लावताय."

मग ताईंनी जे सांगितलं ते मलाही माहीत नव्हतं. त्यांच्या आधी त्यांच्या आईला एक मुलगी होती. घटसर्पानं गेली. तिचं नाव मिल्का. पुढं ह्या झाल्या, तर आईनं तेच नाव ठेवलं, तेच झबलं घातलं. "आई माझ्याकडे बघायची ना, तेव्हा माझ्या पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं बघायची," ताई म्हणाल्या. "मी मागं वळून बघायची लहानपणी. खरंच."

केवळाबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "मग माझी शोभा गेली म्हणायची का?"

ताईंनी त्यांचा हात धरला. आमच्यातही मोठ्या उपासाच्या वेळी पितरं घरी येतात असं जुन्या बायका मानायच्या, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी त्यांना निरोप देतात. यायचं असतं, तसं जायचंही असतं.

केवळाबाई उठल्या. हात सोडवून घेतला, पोरीला काखेत मारलं आणि निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "तुम्हाला लेकरू न्हाई. तुम्हाला काय कळणार." ताईंनी ते ऐकलं आणि औषधाची पुडी मागोमाग माझ्या हातून पाठवली.

त्यानंतर कित्येक महिने केवळाबाई केंद्राकडं फिरकल्या नाहीत. रामलिंगदादा बाजारात भेटले की मान खाली घालून जायचे. ताई रोजचं काम करत राहिल्या, पण शुक्रवारचा दिवा लावून झाल्यावर त्या डोळ्यांवर हात ठेवून नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायला लागल्या होत्या, एवढं माझ्या ध्यानात आलं.

मग भाद्रपद आला. पितृपक्षात नव्या गावातल्या घराघरांत पानं वाढली जायची, गेलेल्यांच्या नावानं. केवळाबाई दर वर्षी मुलाचं पान वाढायच्या, शोभाचं कधीच नाही. ती तर घरात बसलेली. त्या वर्षी दादा सकाळीच सायकलवरून केंद्रात आले. ताईंना आणि मला जेवायला बोलावलंय म्हणाले. आम्ही गेलो. ओसरीच्या कडेला दोन पानं वाढलेली होती. एकावर दूध-भाकरी. केवळाबाई त्या पानासमोर बसून रडत होत्या. मोठ्यानं, मोकळेपणानं, आठ वर्षांत रडल्या नव्हत्या तेवढ्या. पोरगी घाबरून वडिलांना बिलगली होती. कुणी केवळाबाईंना गप्प करायला गेलं नाही. कावळा आला, शिवला, उडून गेला.

जेवणं झाल्यावर केवळाबाईंनी डोळे पुसले आणि ताईंना म्हणाल्या, हिचं नाव सांगा आता. ताईंनी मान हलवली. म्हणाल्या, तुमची पोर, तुम्ही ठेवा. पण उसनं घेऊ नका कुणाचं, हिचं स्वतःचं काय आहे ते बघा. मग मीच बोलले. ही झाली तेव्हा केंद्रातली वीज गेली होती, आणि खिडकीतून चांदणं एवढं आत आलं होतं की आम्हाला कंदील लावावा लागला नव्हता. पौर्णिमा होती.

"पुनम," केवळाबाई म्हणाल्या. दोनदा म्हणून बघितलं. पोरीनं वडिलांच्या मागून मान काढून बघितलं.

पक्ष संपल्यावर बारसं झालं. सहा-सात वर्षांची पोर पाटावर बसलेली, पाळण्यात मावेना म्हणून बायकांनी नारळच पाळण्यात घालून गाणी म्हटली. घुगऱ्या वाटल्या. ताईंनी कानात नाव सांगायचा मान केवळाबाईंच्या नणंदेला दिला आणि स्वतः चुलीपाशी घुगऱ्यांना फोडणी देत बसल्या. पुनमला दूध-भाकरी कधीच आवडत नव्हती हे त्या आठवड्यात कळलं. तिला हिरव्या मिरचीचा ठेचा आवडायचा.

पुढं बदल्या झाल्या. ताई बिलोलीला गेल्या, मग मुदखेडला. मीही त्यांच्या मागं मागं नांदेड जिल्ह्यात आले. निवृत्त झाल्यावर त्यांनी नांदेडला बिलकीसआपांच्या घरात माडीवरची खोली घेतली. आपा खाली शिवणकाम करायच्या, ताई वर राहायच्या. दोघींचं भांडण एकच, ताई आपांच्या हातचं मटण खायच्या नाहीत, कारण त्यात दही घातलेलं असायचं आणि दूध-दह्याशी मांस त्यांना चालायचं नाही. मग आपा नारळाचं दूध घालून वेगळं काढायला लागल्या. पुनम एसटीत कंडक्टर झाली, देगलूर डेपोला. नांदेडची फेरी असली की मधल्या वेळेत खांद्याला पैशाची चामडी बॅग तशीच लटकवून माडीवर यायची, ताईंच्या पलंगावर आडवी व्हायची आणि प्रवाशांच्या नकला करायची. ताई हसून हसून ठसकायच्या. मी बघायची, ताई पुनमकडं बघताना नुसत्या पुनमकडं बघत.

ताईंची आई इस्रायलमध्येच वारली. तिच्या शेवटच्या दिवसांत फोनवर बोलताना तिनं ताईंना पहिल्यांदा "तू कशी आहेस" असं विचारलं, असं ताई म्हणाल्या होत्या.

गेल्या वर्षी ताई गेल्या. थोडा दम लागला, दवाखान्यात नेलं, आणि गुरुवारी दुपारी सगळं संपलं. त्यांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं की ठाण्याला वडिलांच्या शेजारी पुरायचं, आणि शनिवार लागायच्या आत, म्हणजे शुक्रवारी दिवस मावळायच्या आत. बिलकीसआपांच्या मुलानं, मुज्तबानं, ॲम्ब्युलन्स ठरवली. आपांनी आपल्या हातानं त्यांच्यावर पांढरी चादर घातली. पुनमनं रजा टाकली. लातूरच्या पुढं फाट्यावर केवळाबाई थांबलेल्या होत्या, हातात भाकरीचं फडकं घेऊन. सत्तरी जवळ आलेली, गुडघे गेलेले. त्या गाडीत चढल्या आणि ठाण्यापर्यंत ताईंच्या पायांवर हात ठेवून बसल्या.

ठाण्यातल्या त्यांच्या समाजाच्या बायकांनी ताईंना आंघोळ घातली. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. शेजारपाजारचे म्हातारे गोळा झाले, दहावा माणूस रिक्षातून धापा टाकत आला. शुक्रवारी ऊन कलायच्या आत माती लोटली गेली. हात धुऊन आम्ही दफनभूमीच्या फाटकापाशी उभ्या होतो. प्रार्थना सांगणारे म्हातारे गृहस्थ आमच्याशी बोलायला आले. कुठून आलात, ती तुमची कोण, असं विचारलं. पुनम म्हणाली, मावशी.

केवळाबाईंनी त्यांना विचारलं, "बाबा, ह्या परत येतील का?"

ते म्हणाले, "आई, नक्की कुणालाच माहीत नाही. पण आमचे जुने लोक सांगत, काम उरलं असेल तर आत्मा परत येतो."

केवळाबाईंनी मागं वळून त्या ओल्या मातीकडं बघितलं. "मग नगं येऊ दे," त्या म्हणाल्या. "लई राबली बाई."

म्हाताऱ्यांनी मान डोलावली. कुणीतरी आम्हाला उकडलेली अंडी आणि पाव आणून दिला, त्यांच्यात तशी रीत आहे. पुनमनं आईला अंडं सोलून दिलं. रविवारी तिची देगलूर-नांदेड फेरी होती, म्हणून आम्ही संध्याकाळच्या गाडीची तिकिटं काढायला स्टेशनकडं निघालो.